हिरड्याच्या वखारीचा मॅनेजर

आमच्या घरातलं कुणी परमुलखात नोकरीला निघालं, की त्याला आधी माझ्या पाया पडायला पाठवतात. पाया पडणं हे निमित्त. खरं काम असतं ते मी त्याला शहाणपणाच्या चार गोष्टी सांगण्याचं. परवा पुतण्या मोंबासाला एका पेढीत चालला. वहिनीनं त्याला माझ्यासमोर पाटावर बसवलं आणि म्हणाली, "भावोजी, तुम्ही शेठ लोकांशी, गोऱ्या साहेबाशी, रानातल्या माणसांशी, सगळ्यांशी धंदा केलाय. परक्या लोकांत कसं वागायचं ते याला सांगा."

मी घसा साफ केला आणि बराच वेळ बोललो. पुतण्या ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "म्हणजे काका, गेल्यावर आधी नुसतं बसायचं, की आधी कामाचं बोलायचं?"

मी म्हटलं, "ते माणूस बघून ठरवायचं." तो म्हणाला, "पण माणूस कसा आहे हे कशावरून ओळखायचं?" तेवढ्यात सुदैवानं पानं वाढली.

तेव्हा आता जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. त्यातून कुणाला एखादा नियम सापडला तर मलाही कळवावा, मी गेली कित्येक वर्षं शोधतो आहे.

पहिल्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. मी पंचविशीतला होतो, नुकतं लग्न झालं होतं आणि दोन नोकऱ्या हातच्या गेल्या होत्या. मुंबईच्या एका कच्छी शेठला जव्हार संस्थानात माणूस हवा होता. तिथल्या रानात हिरडा उत्तम. आपण तो पोट साफ करायला घेतो, पण साहेबाच्या देशात त्यानं कातडी कमावतात. पोत्यांनी हिरडा गाडीत घालायचा, घाट उतरवून रेल्वेच्या स्टेशनावर न्यायचा, तिथून मुंबई, तिथून बोट. शेठनं मला का घेतलं, तर मला साहेबाचं इंग्रजी वाचता येत होतं, आणि हिवतापाच्या भीतीनं दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. दोन्ही कारणं शेठनं मला तोंडावर सांगितली.

जव्हार गावाबाहेर वखार होती. तिच्या दारावर मी रंगाऱ्याकडून 'मॅनेजर' अशी पाटी लिहवून घेतली. माझ्या हाताखाली एक मापाडी. तो मोखाड्याचा, म्हणजे पलीकडच्या इंग्रजी मुलखातला, त्यामुळे संस्थानातल्या प्रत्येक गोष्टीला तो नावं ठेवी. इथलं पाणी जड, इथले बैल मठ्ठ, इथला मॅनेजर नवा.

हिरडा आणणारे लोक आसपासच्या पाड्यांवरचे. भात, नागली पिकवायची आणि हंगामात हिरडा वेचायचा. सगळ्यांत सुरेख हिरडा येई तो जामसरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरून. पिवळसर, टणक, हलवला तर वाजणारा. त्या पाड्याचा जो पुढारी, त्याला ते कारभारी म्हणत. म्हातारा, उघडाबंब, कमरेला कोयता. पहिल्याच दिवशी त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तूच का रं नवा?"

मी मॅनेजर, आणि हा मला अरेतुरे करतो. घरी येऊन मी बायकोला ते सांगितलं. ती म्हणाली, "मापाडी सांगत होता, ते लोक राजालासुद्धा तूच म्हणतात."

"राजाचं वेगळं," मी म्हणालो.

"हो, त्याला सवय असेल," ती म्हणाली.

त्या पाड्याच्या हिरड्याचा नमुना शेठनं एका जर्मन व्यापाऱ्याला दाखवला होता. साहेबाला तो इतका आवडला, की होळी झाल्यावर आपण स्वतः जव्हारला येऊन माल बघतो, मनासारखा असला तर काही वर्षांचा करार करतो, असा त्याचा निरोप आला. शेठनं मला मुंबईला बोलावून घेतलं. शेठ कधी कशाला नाही म्हणत नसे. फार झालं तर 'जोईशूं' म्हणे, म्हणजे बघू. पण त्या दिवशी तो स्पष्ट बोलला. "मेनेजर, करार झाला तर वखार राहील. नाय झाला तर कुलूप लावू. मग तू पण छुट्टा, मी पण छुट्टा."

शेठ सुटला तर मुंबईला आणखी चार धंदे करणार होता. मी सुटलो तर वसईला सासऱ्यांच्या किराणा दुकानात बसणार होतो. सासऱ्यांनी लग्नातच मला दुकानातली एक जागा दाखवून ठेवली होती, गुळाच्या ढेपेशेजारी. ते मोठ्या प्रेमानं म्हणाले होते, "कधीही या. तुमच्यासारख्याला कुठंतरी आधार हवाच." माझी बायको ते वाक्य ऐकून मान खाली घालून बसली होती. तेव्हा वखार राहणं हे माझ्यासाठी काय होतं ते समजून घ्या.

मी जव्हारला परतलो तो उत्साहानं फुगून. ठरवलं, की हा उत्तम हिरडा आणखी उत्तम व्हायला हवा. त्यासाठी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. बक्षीस. मला शाळेत कधीही बक्षीस मिळालं नव्हतं, त्यामुळे बक्षिसावर माझी अपार श्रद्धा होती.

पुढल्या बाजाराच्या दिवशी तो पाडा आला. ते लोक येत ते एका ओळीत, डोक्यावर पाट्या घेऊन. सगळ्यांत पुढं एक उंच, शिडशिडीत गडी होता. त्याच्या पाटीतला हिरडा इतका निवडक की एकेक फळ सोनाराकडून आणल्यासारखं. मी त्याला थांबवलं, सगळ्यांना गोल उभं केलं, छोटंसं भाषण केलं, आणि बाजारातून आणलेला लालभडक फेटा माझ्या हातानं त्याच्या डोक्याला बांधला.

तो गडी न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली बसल्यासारखा ताठ उभा राहिला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मी वाजवल्या. मागून मापाड्यानं वाजवल्या, पण त्याच्या हाताला हिरड्याची भुकटी लागली होती म्हणून तो हात झटकत असावा. पाड्याच्या लोकांनी माल तोलून दिला, मीठ-मिरची घेतली आणि ते एका ओळीत निघून गेले. लाल फेटा वळणापर्यंत दिसत होता.

त्यानंतर तो पाडा आलाच नाही. पुढच्या बाजाराला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दुसरे पाडे येत होते, पण त्यांचा हिरडा काळपट, पोचट. साहेबानं नुसता हातात घेतला असता तरी परतीची गाडी जुंपायला सांगितली असती.

मी कारण शोधू लागलो. मापाडी म्हणाला, "रंग चुकला. पांढरा द्यायचा होता. आमच्या मोखाड्याला कुणी असं करत नाही." दरबारातले एक ओळखीचे कारकून आवाज उतरवून म्हणाले, "फेटा बांधण्याचा मान दरबाराचा. तुम्ही बांधलात, ते लोक घाबरले असतील. मीही जरा घाबरलोच." मला वेळेगणिक वेगवेगळं पटू लागलं. सकाळी वाटे रंगच चुकला, दुपारी वाटे दरबार चिडला.

बायकोला विचारलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "शाळेत मला एकदा बाईंनी पुढं उभं केलं आणि म्हणाल्या, हिच्यासारखं अक्षर काढा. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ कुणी बसलं नाही."

"पण तुझं अक्षर चांगलं होतं ना?"

"चांगलं होतं. म्हणून तर."

मला ते लागू वाटलं नाही. मी म्हटलं, हे अक्षराचं झालं, इथं हिरड्याचा प्रश्न आहे.

होळी झाली. साहेब आणि शेठ कोणत्या दिवशी येणार ते कळलं. मी वखारीच्या दारात उभा राहून जामसरच्या वाटेकडे बघत राही. मापाड्यानं सुचवलं, की पाड्यावर जाऊन विचारावं. मी म्हटलं, मॅनेजरनं असं दारोदार जायचं नसतं, लोकांनी त्याच्याकडे यायचं असतं. हे बायकोच्या कानावर गेलं. रात्री पान वाढताना ती म्हणाली, "म्हणजे ज्याच्याकडे कुणी येत नाही आणि जो कुणाकडे जात नाही, तो मॅनेजर का?"

दुसऱ्या दिवशी मी गेलो.

वाटेत मापाड्यानं मला रानच्या लोकांत वागायची रीत शिकवली. गेल्या गेल्या कामाचं बोलायचं नाही. बसायचं. पाणी देतील ते प्यायचं. तंबाखू देतील ती घ्यायची. आपण विषय काढायचा नाही, त्यांनी काढू द्यायचा. मी हे सगळं घोकत डोंगर चढलो.

पाड्याच्या तोंडाशी वाघदेवाचा दगड होता, शेंदूर लावलेला. त्या दगडाला माझा लाल फेटा गुंडाळला होता. चांगला घट्ट, नीट, मी बांधला होता त्यापेक्षा पुष्कळच बरा. मी थबकलो. हा माझा अपमान की सन्मान, हे मला उमगेना. मापाड्याकडे बघितलं. तो म्हणाला, "दोन्ही असंल."

कारभाऱ्याच्या अंगणात आम्ही बसलो. कारभारी समोर बसला. हळूहळू पाड्यातले बाप्ये येऊन बसले, बायका कुडाच्या आडोशाला उभ्या राहिल्या. फेट्याचा तो शिडशिडीत गडीही होता, बोडक्यानं, सगळ्यांत मागं. पाणी आलं, मी प्यालो. तंबाखू आली, मी घेतली, आणि मला ठसका लागला. ठसका थांबला. मग कुणीच काही बोलेना. मी विषय काढायचा नाही म्हणून गप्प. ते का गप्प ते मला माहीत नव्हतं. कोंबड्या अंगणातून गेल्या आणि परत आल्या. एका बैलानं शेपटी हलवली, ती आम्ही सगळ्यांनी लक्षपूर्वक पाहिली.

शेवटी कारभाऱ्याची म्हातारी आतून म्हणाली, "हा मुका झाला का काय? गावात तं लय बोलत व्हता."

तेव्हा कारभारी म्हणाला, "तू बोल म्हनून आमी थांबलोय. तुमच्या लोकांना येळ घालवला तं राग येतो म्हनतात. तू आलास का लगेच भावाचं बोलशील, आसं वाटलं."

म्हणजे मी त्यांच्या रीतीनं गप्प होतो आणि ते माझ्या रीतीची वाट बघत होते. मापाडी आकाशाकडे बघू लागला.

मी विचारलं, "बाजाराला येणं का बंद केलंत?"

"तुझी वाट बगत व्हतो."

"माझी? मी तुमची वाट बघत होतो."

"तू कशाला आमची वाट बगशील?" कारभारी म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलं असावं. "देलंस तू. देनाऱ्यानं यायचं आसतं."

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. हिरडा हा पाडा मिळून वेचतो. सगळ्यांचा हिरडा एकाच खळ्यावर वाळतो. बाया, म्हातारे, सगळे मिळून निवडतात. बाजाराला जाताना निवडक माल एका पाटीत भरतात आणि ज्याची पाळी असेल तो ती पाटी घेऊन पुढं चालतो. त्या दिवशी पाळी त्या शिडशिडीत गड्याची होती. एवढंच.

"त्यानं काय केलं, तं पुढं चालला," कारभारी म्हणाला. "अन तू त्याला पागोटं देलंस. घरी आल्यावर याची बायको रडाया लागली. म्हनं, लोकं म्हनतील सगळ्यांचा माल यानं आपला म्हनून सांगितला."

शिडशिडीत गडी मागून म्हणाला, "मी सांगितला नाय." इतक्या दिवसांत त्याला हे एकच वाक्य बोलायचं राहिलं असावं. दोन-तीन जणांनी "नाय, नाय" करून माना हलवल्या.

"परत आनून द्यावं तं तुला राग येनार," कारभारी पुढं म्हणाला. "एकानं ठेवावं तं बाकीच्यांना. मंग देवाला देलं. देवाला कुनाचा राग नाय. आता देवानं घेतलं म्हंजे देनाऱ्यानं यायचं, कोंबडं-नारळ द्यायचा, सगळ्यांत बसून जेवायचं. मंग हिरडा निघंल. तवर खळ्यावरून हालत नाय."

मला एकदम हायसं वाटलं. म्हटलं, "उद्याच करू."

"भगत पायजे. भगत खोडाळ्याकडं लग्नात गेलाय." भगत म्हणजे त्यांचे देवाचं करणारे. ते कधी येणार असं विचारलं, तर कारभाऱ्यानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि जो दिवस सांगितला, तो नेमका साहेबाचा दिवस होता.

"एक दिवस आधी नाही होणार?"

"लगीन काय आमचं हाय, आधी उरकाया?"

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, की साहेब वखारीत येणार आणि हिरडा डोंगरावर राहणार. शिवाय मला पाड्यावर पंगतीला बसायचंय. घरमालकीणबाई फार सोवळ्याच्या, त्यांना कळलं तर दारातूनच आंघोळीचं पाणी ओततील. बायकोनं थोडा विचार केला. "हिरडा साहेबाकडे येत नसेल तर साहेबाला हिरड्याकडे न्या," ती म्हणाली. "शेठला तिथलं काही चालणार नाही, मी शिरा करून घेऊन येते. आणि तुम्ही काय जेवलात ते मला सांगू नका, म्हणजे मला मालकीणबाईंशी खोटं बोलायला नको."

ठरल्या दिवशी शेठ आणि साहेब आले. साहेब लाल तोंडाचा, धिप्पाड, इंग्रजी तुटक बोलणारा आणि सारखं घड्याळ काढणारा. मी त्याला सांगितलं, माल डोंगरावर आहे. "गुड," तो म्हणाला, "मला जिथला माल तिथंच पाहायला आवडतो." मी शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाला, "जोईशूं," आणि गाडीत बसला. मागच्या गाडीत बायको शिऱ्याचं पातेलं मांडीवर घेऊन बसली होती.

एव्हाना मला एक रीत पाठ झाली होती, की आधी बसायचं आणि कामाचं बोलायचं नाही. तीच मी वाटेत साहेबावर वापरली. त्याला हवापाण्याचं विचारलं, घरच्या माणसांचं विचारलं. तो म्हणे, हिरड्यात ओल किती? मी म्हणे, तुमच्या देशात सध्या थंडी असेल. तो म्हणे, पोती कुठली वापरता? मी म्हणे, मुलंबाळं किती? शेवटी त्यानं शेठला इंग्रजीत विचारलं, हा माणूस काही लपवतोय का? शेठला इंग्रजी येत नसल्यानं तो प्रेमानं हसला. साहेबाला ते हसणं होकारासारखं वाटलं असावं, कारण त्यानंतर तो माझ्याशी बोललाच नाही.

पाड्यावर भगत आले होते. वाघदेवापुढं नारळ फुटला, कोंबडं झालं, भगत पुष्कळ वेळ काहीतरी पुटपुटले. साहेब टोपी काढून उभा राहिला. मग अंगणात पानं मांडली. कारभारी मधोमध बसला आणि हातवारे करून एकेकाला जागा दाखवू लागला. साहेब त्याच्या उजवीकडे, शेठ डावीकडे. मला त्यानं वाढायला उभं केलं, कारण देणाऱ्यानं सगळ्यांना सारखं वाढायचं, अशी रीत. तेव्हा मी, वखारीचा मॅनेजर, कमरेला उपरणं बांधून नागलीची भाकर वाढत फिरत होतो.

शेठनं पानाला हात लावला नाही. नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तो म्हणाला, "आज मने उपवास." मी ते सांगितलं. कारभाऱ्यानं ताबडतोब हात जोडले, भगतांनीही जोडले. आपल्या देवासाठी मुंबईचा शेठ उपाशी राहिला, हे ऐकून पंगतभर कुजबुज झाली आणि बायका शेठला बघायला पुढं आल्या. शेठ गोंधळला. त्या क्षणी माझी बायको कुडाआडून शिऱ्याचं पातेलं घेऊन येत होती. तिनं सगळं पाहिलं, तशीच मागं वळली आणि तो शिरा पाड्यातल्या पोरांना वाढून टाकला. शेठनं तो जाताना पाहिला. त्याचे डोळे पातेल्याबरोबर अंगण ओलांडून गेले.

जेवणं झाल्यावर आम्ही खळ्यावर गेलो. हिरडा पसरलेला होता, त्याच्यावर ऊन पडलं होतं. साहेब गुडघ्यावर बसला, एक फळ त्यानं दगडानं फोडलं, आत पाहिलं, जीभ लावली. तोंड वाकडं केलं आणि खूश झाला. मग त्यानं खिशातून एक सुरेख चाकू काढला, शिंपल्याच्या मुठीचा, मला दिला आणि सांगितलं, "सगळ्यांत चांगलं काम करतो त्याला हे माझ्याकडून द्या."

सगळा पाडा माझ्याकडे बघत होता. तो शिडशिडीत गडी तर हळूहळू गवताच्या उडवीमागे सरकला. मी चाकू घेऊन उभा. कुणाला द्यावा तर पुन्हा भगत, पुन्हा लग्न, पुन्हा कोंबडं. साहेबाला परत द्यावा तर करार गेला. मला काहीच सुचेना, म्हणून मी तो कारभाऱ्याच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "साहेबानं दिलाय. काय ते तूच बघ."

कारभाऱ्यानं चाकू उघडला, नखावर धार पाहिली, शेजारच्याला दिला. त्यानं पाहिला, पुढच्याला दिला. चाकू हातोहात सगळ्या खळ्याभर फिरला. बायांनी पाहिला, म्हाताऱ्यांनी पाहिला, उडवीमागच्या गड्यानंही दोन बोटांत धरून पाहिला. फिरून तो कारभाऱ्याकडे आला. त्यानं मिटला आणि साहेबाच्या तळहातावर ठेवून वर आपला हात दाबला. "चांगला हाय म्हनावं. समद्यांनी बगितला. आता ज्याचा त्याला."

मी हे इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून मिटलं. साहेब कारभाऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्यानं उभं राहून त्याच्याशी हात मिळवला, चांगला जोरानं, आणि कारभाऱ्यानं तो हात बराच वेळ परत दिला नाही.

खाली वखारीत आल्यावर साहेबानं करार केला. तो शेठला म्हणाला, आणि हे भाषांतर मलाच करावं लागलं, "माल चांगला आहेच. पण मी सही करतोय ती तुमच्या मॅनेजरकडे बघून. मी पुष्कळ देशांत फिरलो. माणसांसमोर दिलेली भेट परत करणारा, एका पैचीही लाच न घेणारा मॅनेजर मी पाहिला नाही. त्याच्या शब्दाबाहेर एक माणूस नाही. सगळ्यांना त्यानं आपल्या हातानं जागा दाखवली. तो म्हातारा आहे तोवर करार. आणि तुमचा हा दुभाष्या," इथं त्यानं माझ्याकडे पाहिलं, "जरा चमत्कारिक आहे, पण वाढतो चांगलं."

मी हे जसंच्या तसं शेठला सांगितलं. शेठ उपाशी होता, थकला होता. मी हळूच म्हटलं, "शेठजी, साहेबांना सांगू का, की मॅनेजर मी आहे?"

शेठनं माझ्याकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं, दारावरच्या पाटीकडेही पाहिलं. "पाहुण्याला खोटा पाडायचा?" तो म्हणाला. "जोईशूं."

मला आजतागायत कळलेलं नाही, की साहेबाचं चुकलं होतं की नव्हतं. त्यानं जे जे पाहिलं ते खरंच घडलं होतं. फक्त त्याला वाटलं त्या कारणानं नव्हे. आणि मी जे जे शिकून केलं होतं, बक्षीस, गप्प बसणं, हवापाणी, त्यातलं एकही कामाला आलं नव्हतं. कामाला आलं ते काय करावं हे न सुचणं. आता हे पुतण्याला कसं शिकवायचं?

दोन दिवसांनी पाडा एका ओळीत हिरडा घेऊन आला. पुढं दुसराच कुणी होता. मी कारभाऱ्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, की साहेबाच्या लेखी मॅनेजर तू आहेस.

"मंग मी काय करायचं?"

"साहेब आला की मधोमध बसायचं."

"अन तू?"

"मी बोलेन, वाढेन."

"हिरडा?"

"तो पाडा आणेल. नेहमीसारखा."

कारभारी विचारात पडला. "मंग मॅनेजरला काम काय आसतं?"

मी दारावरच्या पाटीखाली उभा होतो. मी म्हटलं, "जबाबदारी असते."

"ती व्हय," तो म्हणाला. "बसंन मी. पन एकट्यानं नाय बसायचा, लोकं काय म्हनतील. पाळी लावू. या साली मी, फुडल्या साली दुसरा कुनी."

मी त्याला समजावू लागलो, की साहेबाला तोच माणूस हवा आहे, करारच तसा झालाय. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "आमी सगळी त्याला सारखीच दिसनार. तुला तरी कुटं वळखता आली?"

संध्याकाळी घरी गेलो. बायकोनं वसईला जायचं म्हणून पितळेची भांडी गोणत्यात बांधून ठेवली होती. मला न विचारताच बांधली होती, आणि मला दिसू नयेत म्हणून पलंगाखाली सारली होती. करार झाल्याचं तिला कळलं होतं, पण पुढचं काही मी सांगितलं नव्हतं. ते आता सांगितलं. तिनं गोणता ओढून बाहेर काढला, गाठ सोडली आणि एक पातेलं हातात घेऊन थांबली.

"म्हणजे आपण इथंच राहायचं ना?"

"राहायचं."

"कोण म्हणून?"

"ते अजून ठरायचंय," मी म्हणालो.

तिनं पातेलं फडताळात ठेवलं आणि दुसरं काढायला खाली वाकली.